अण्णांची पावसाची वही आणि मोडलेलं कार्ड



परवा इथं अण्णांच्या पावसाच्या वहीची चार पानं टाकली होती. बऱ्याच जणांनी बाकीची पानंही मागितली. दोघातिघांनी विचारलं, की वही वाळवीनं खाल्ली असं तुम्हीच मागं लिहिलं होतं, मग ही पानं आली कुठून? प्रश्न बरोबर आहे. वही नाहीच. आहेत ते वहीचे फोटो, आणि तेही जवळपास गेलेच होते. ते परत कसे आले ते आज सविस्तर लिहितो. फोनमध्ये, कॅमेऱ्यात, काहींच्या शेतातल्या हवामान यंत्रात आपण सगळेच मेमरी कार्ड वापरतोय. ते मोडल्यावर काय करायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे काय करायचं नाही, हे आपल्याला कोणी सांगत नाही. लांबलचक होईल. सवडीनं वाचा.

आधी वहीचं. अण्णांनी खळ्याच्या कडेला पावसाचा डबा रोवला होता. रोज सकाळी साडेआठला ते पाणी मोजायचे. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. कुणा कृषी सहायकानं त्यांना हे एकदा सांगितलं आणि त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. पण वहीत नुसते मिलिमीटर नव्हते. तरवा कधी टाकला, ओढा कधी वाहता झाला, लावणी कुठल्या खाचरातून सुरू केली, करपा पहिल्यांदा कुठं दिसला, सगळं एकेका ओळीत. शेवटी शेवटी अक्षर हललेलं, पण ओळ चुकली नाही.

आता मंडळाला महावेधचं यंत्र आहे, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, हे सगळं ठीक आहे. सरकारी कामाला तोच आकडा लागतो. पण आपल्या शिवगंगेच्या खोऱ्यात सिंहगडाच्या अंगाला धो धो आणि इकडं हायवेच्या कडेला नुसती भुरभुर, असं किती वेळा झालंय ते तुम्हीही बघितलंय. मंडळाचा आकडा मंडळाचा, खाचराचा आकडा खाचराचा.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इकडच्या माणसाला सांगायला नको. पुण्यात आंबील ओढ्यानं कहर केला, खेड शिवापुरात माणसं वाहून गेली. आमची माणसं आणि जनावरं वाचली. भात ऐन निसवलेलं होतं. खालच्या दोन खाचरांवर वाळू आली, बांध फुटला. पंचनाम्यासाठी फोटो काढायचे म्हणून भाच्याचा जुना डिजिटल कॅमेरा मागून आणला. फुटलेला बांध, वाळू, लोळलेलं भात, सगळे फोटो काढले. कॅमेरा हातात होताच, म्हणून एका दुपारी ओसरीवर बसून अण्णांच्या वहीची पानंही एकेक करून काढली. अण्णा म्हणाले, "वही हाय की घरात, फोटू कशाला?" मी म्हटलं, असू द्या.

पुढं अण्णा गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंतीतल्या कपाटाला वाळवी लागली. कपाट उघडलं तर वहीचा नुसता पुठ्ठा हातात आला, आत माती. त्या वेळी वाईट वाटलं, पण मनात होतं की फोटो आहेत. कॅमेऱ्यातल्या कार्डावर. फक्त कार्डावर. कॉम्प्युटरवर घेऊ, घेऊ म्हणत राहिलो. त्या 'घेऊ'ला तीन वर्षं झाली.

यंदाच्या उन्हाळ्यात खालच्या खाचराचा सांडवा नव्यानं बांधायला काढला. किती रुंद ठेवायचा? अंदाजानं एकदा ठेवला होता, तो २०१९ ला पुरला नाही. हिशेब साधा आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर साधारण १०१ लिटर पाणी. १०० मिलिमीटर पडला तर एकरावर ४ लाख लिटरच्या वर. माझ्या त्या खाचरावर वरच्या तीन एकरांचं पाणी उतरतं. सगळं मुरत नाही, सगळं वाहतही नाही, पण १२ लाखांतलं निम्मं जरी आलं तरी सांडव्याला तोंड किती पाहिजे बघा. त्यासाठी त्या रात्रीचा अण्णांचा आकडा पाहिजे होता. म्हणून कार्ड कॅमेऱ्यातून काढलं, शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं, आणि जाता जाता सिमेंटच्या गोण्या उतरवून घेतल्या. गोणी छातीला लावून. संध्याकाळी कार्ड काढलं तर मधोमध नाही, पण पितळी पट्ट्यांच्या बाजूला वाकलेलं, प्लास्टिकला चीर.

लॅपटॉपला लावलं, काही नाही. हायवेवरच्या मोबाईलच्या दुकानात नेलं. पोरानं पाच-सहा वेळा घातलं, काढलं, फुंकर मारली, परत घातलं. मग म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून बघू का?" मी हातातून कार्ड घेतलं आणि घरी आलो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलं नाही. पण हे नीट समजून घ्या.

कार्ड दोन तऱ्हेनं बिघडतं. एक, कार्ड धड आहे, कॉम्प्युटरला दिसतं, आकारही बरोबर दाखवतं, पण फोटो दिसत नाहीत किंवा 'फॉरमॅट करा' म्हणतं. तिथं आतली यादी बिघडलेली असते, माल जागेवर असतो. अशा वेळी त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढायचा नाही आणि फॉरमॅटला हो म्हणायचं नाही. आधी पूर्ण कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढायची, मग नकलेवर फोटोरेक चालवायचं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसानं लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वाचलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे, त्याच कार्डावर नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही, किंवा शून्य आकार दाखवतं, किंवा हाताला चटका बसेल इतकं तापतं. तिथं कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. मोटर जळालेली असताना स्टार्टरचं बटण दाबत बसण्यासारखं आहे ते. उलट तापणारं कार्ड परत परत घातलं तर उरलंसुरलंही जातं.

माझं दुसऱ्या तऱ्हेचं. वाकलेलं.

मला डाग द्यायची सवय आहे. झटका मशीनचा बोर्ड, मोटरचा ऑटो स्विच, एवढं घरीच करतो. त्या जोरावर त्याच रात्री कार्ड उघडणार होतो. भाच्याला फोन केला म्हणून वाचलो. तो वेळूजवळच्या एका कारखान्यात बोर्डांवर सुटे भाग बसवायच्या कामाला आहे. म्हणाला, "मामा, हात लावू नका. आधी मेलेल्या कार्डांवर हात बसवा, मग तुमचं उघडू."

त्याच मोबाईलवाल्या पोराकडून सहा मेलेली कार्डं आणली. त्यानं फुकट दिली, वर चहा पाजला.

मोठं एसडी कार्ड म्हणजे ३२ बाय २४ मिलिमीटर, जाडी २.१. त्याचं कवच दोन शिंपल्यांसारखं असतं, कडेनं जुळवलेलं. पातळ पातं कडेच्या सांध्यात घालून हळूहळू फिरवलं की उघडतं. पहिल्या कार्डात माझं पातं सटकलं आणि आतल्या बोर्डाचे दोन तुकडे झाले. ते माझं कार्ड असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. पुढची नीट उघडली. सहांपैकी चारांत हिरवा बोर्ड निघाला. दोनांत बोर्डच नाही, नुसती एक काळी पाटी, तिच्याबद्दल पुढं लिहितो.

बोर्डावर काय असतं? एका अंगाला नऊ पितळी दिसणाऱ्या पट्ट्या, खरं तर सोन्याचा मुलामा. एक वीज यायची, दोन जमिनीच्या, एक ठेका द्यायची म्हणजे क्लॉक, एक हुकमाची, चार माहिती ने-आण करायच्या. वीज ३.३ व्होल्टच्या आसपास. दुसऱ्या अंगाला एक मोठी काळी चिप, हे कोठार. शेजारी एक लहान चिप, तिला कंट्रोलर म्हणतात. मी तिला तलाठी म्हणतो. कोठारात कुठला तुकडा कुठं ठेवलाय हे फक्त तिला माहीत. कोठारातली जागा लिहून लिहून झिजते, म्हणून ती माल सारखा इकडून तिकडं हलवत असते, आणि कुठं ठेवला त्याची नोंद स्वतःकडे ठेवते. तलाठी जिवंत असेल आणि नुसता रस्ता तुटला असेल तर काम सोपं. तलाठीच मेला तर कोठार उघडूनही नुसता काला हाती लागतो.

आठवडाभर रोज संध्याकाळी दोन तास मेलेल्या कार्डांवर बसलो. तार कुठली वापरायची हा पहिला प्रश्न. मोटर रिवायंडिंगवाल्याकडची वार्निशची तार जाड पडते. जुन्या स्टार्टरमधली छोटी रिले फोडली, तिच्या गुंडाळीतली तार केसासारखी निघाली. ती जमली. तिचं वार्निश चाकूनं खरवडलं तर तार तुटते. गरम कथलाच्या थेंबात टोक बुडवून धरलं की वार्निश जळतं आणि टोकाला कथील लागतं. हे भाच्यानं दाखवलं. त्यानं कारखान्यातल्या ओळखीवर तापमान ठरवता येणारी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, दोन दिवसांसाठी आणली. माझी साधी २५ वॅटची आहे, तिचं टोक इथं म्हणजे कुदळीनं लसणाची रोपं लावण्यासारखं.

आणि उष्णतेचं फार जपायचं. कोठारात माहिती म्हणजे अतिशय बारीक कप्प्यांत कोंडून ठेवलेला विजेचा भार असतो. वीज बंद असतानाही तो टिकतो ही या चिपची करामत, जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांची. पण तो भार उष्णतेनं हळूहळू झिरपतो. शिवाय पट्टीखालचा तांब्याचा पापुद्रा उष्णतेनं सुटून वर येतो, तो सुटला की संपलं. म्हणून एका डागाला दोन सेकंद, फार तर तीन. नाही बसला तर थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत राळ लावायची, परत प्रयत्न. घाईत टोक दाबून धरायचं नाही. हे हाताला शिकवायलाच आठवडा गेला. हेअर ड्रायर, इस्त्री, गॅसवर शेकणं असले उपाय कोणी सांगितले तर त्या माणसाला हात जोडा. फेविक्विकचे तर दोन्ही हात जोडा.

मग आपलं कार्ड उघडलं. बोर्ड निघाला. देवाला मनातल्या मनात नमस्कार केला. मोठी चिप अखंड, चीर पट्ट्यांच्या आणि लहान चिपच्या मधून गेलेली. मीटर बीपवर ठेवून एकेक पट्टीपासून पुढच्या टोकापर्यंत तपासलं. सात वाजल्या, दोन वाजल्या नाहीत. भिंगातून बघितलं तर त्या दोन रेघा चिरेवर केसभर तुटलेल्या.

चिरेच्या दोन्ही बाजूंना पात्याच्या टोकानं हिरवा थर खरवडायचा, खालचं तांबं चमकलं की थांबायचं. राळ, कथलाचा कण, मग तार एका टोकाला डाग देऊन चिरेवरून पलीकडे न्यायची, दुसरा डाग. तार ताठ ठेवायची नाही, थोडी सैल कमान ठेवायची, नाहीतर बोर्ड हलला की डागच उचकटतो. पहिली तार बसायला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या तारेच्या वेळी वीज गेली. शेतीच्या विजेचं आपल्याला नवीन नाही, पण त्या रात्री मी जे बोललो ते आमच्या आईनं ऐकलं आणि दोन दिवस बोलली नाही.

दोन्ही तारा बसल्या, मीटर वाजला. आता उघडा बोर्ड रीडरमध्ये बसवायचा तर तो कवचापेक्षा पातळ, आतल्या स्प्रिंगांना टेकत नाही. लग्नपत्रिकेचा तुकडा कापून खाली सरकवला. रीडरचा दिवा लागला. कॉम्प्युटरवर काही नाही.

काढलं, परत मीटर लावला. सगळ्या वाजतायत. परत घातलं, नाही. भाचा म्हणाला, "मामा, बोर्ड टेबलावर सपाट असताना वाजतंय. रीडरमध्ये तो थोडा वाकतोय." बोर्ड बोटानं नखभर वाकवून मीटर लावला, आणि क्लॉकची रेघ गप्प झाली. भिंगातूनही दिसत नव्हती अशी चीर, सपाट असताना टेकलेली, वाकलं की सुटलेली. मोटरच्या केबलला आतून तार तुटलेली असते आणि हलवली की चालू-बंद होते, अगदी तेच. तिसरी तार ओढली.

या वेळी कॉम्प्युटरनं आवाज दिला. ७.४ जीबी. आठच्या कार्डाला एवढंच दिसतं, म्हणजे पूर्ण कार्ड दिसत होतं. मी लगेच फोल्डर उघडायला हात पुढं केला, भाच्यानं माऊस काढून घेतला. आधी फोटो बघायचे नाहीत, आधी नक्कल. त्यानं लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावलं. याची खुबी अशी की ते आधी सोपा भाग उचलतं, जिथं अडतं तिथं खूण करून पुढं जातं, आणि मागाहून अडलेल्या जागी परत येतं. कुठवर आलो ते एका फाइलीत लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच संपर्क तुटला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आमचा दोनदा तुटला. एकदा आपोआप, एकदा मांजर टेबलावर आलं म्हणून. पहाटे तीनला नक्कल पूर्ण झाली. अगदी थोडे तुकडे वाचता आले नाहीत. वहीच्या पानांपैकी एकाच पानाचा फोटो खालून अर्धा करडा आला.

ती कार्डाची पाटी आता तीन तारांसकट डबीत ठेवलीये. परत लावणार नाही. नक्कल आली, तिचं काम झालं.

आता त्या काळ्या पाटीबद्दल, कारण तुमच्यापैकी बहुतेकांकडं तीच आहे. फोनमधलं मायक्रो कार्ड १५ बाय ११ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. त्यात वेगळा बोर्ड, वेगळी चिप असं काही नसतं. कोठार आणि तलाठी दोन्ही एकाच काळ्या लाखेत ओतून बंद केलेले असतात. कोठाराचे पाय बाहेर दिसत नाहीत. आठ पट्ट्यांच्या बाजूचा काळा किंवा रंगीत थर अतिशय हळू घासला की खाली बारीक ठिपके दिसतात, कारखान्यात तपासणीसाठी सोडलेले. जाणकार माणूस सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिपक्यांना एकेक तार डाग देतो, दहा-वीस तारा, आणि तलाठ्याला बाजूला ठेवून थेट कोठार वाचतो. कुठला ठिपका कशाचा हे प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन कार्डांचं वेगळं. वाचून आलेला माल काला असतो. तुकडे इकडचे तिकडं, वर कंट्रोलरनं मुद्दाम ढवळलेले, चुका दुरुस्त करायचे आकडे मध्ये मिसळलेले. ते सगळं उलगडायला पीसी-३००० फ्लॅशसारखी महागडी यंत्रं लागतात. हे घरी करायचं काम नाही. मी मोठ्या कार्डावर केलं म्हणून कोणी फोनच्या कार्डावर पातं चालवू नका.

माझंही एक मायक्रो कार्ड होतं, आधीच्या फोनमधलं, कोपऱ्यातून तडकलेलं. २०२१ आणि २०२२ च्या लावणीचे फोटो त्यात. एवढं जमलं म्हणून उत्साहात ते पुण्याला हे काम करणाऱ्या एका माणसाकडं घेऊन गेलो. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मलाही बघायला लावलं. चीर कोपऱ्यातून निघून थेट पट्ट्यांच्या मागच्या भागापर्यंत गेलेली. म्हणाला, आतली सिलिकॉनची काच फुटलीय, ही फुटली की कितीही तारा लावा, काही येत नाही. पैसे घेतले नाहीत. निघताना त्यानं विचारलं, कार्ड फोनमध्ये 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून लावलं होतं का? अँड्रॉइड ६ पासून ती सोय आहे. तसं लावलं की फोन कार्डावरचं सगळं कुलूपबंद करून लिहितो, आणि किल्ली त्या फोनमध्येच राहते. मग कार्ड धड असलं तरी दुसरीकडं वाचता येत नाही. फोन गेला की कार्डही गेलं. आपल्यात बरेच जण जागा वाढवायला हे करतात. शेताचे फोटो, पंचनाम्याचे फोटो त्यात असतील तर आजच बाहेर काढा.

त्या दोन वर्षांचे फोटो गेले ते गेले. त्यात इंद्रायणीच्या खाचरातली वेगळी आलेली झाडं मी खुणा करून टिपली होती, बियाणं वेगळं ठेवायचं म्हणून. बियाणं आहे, पण कुठलं झाड कुठलं हे आता सांगता येत नाही.

पुण्याहून परत आलो त्याच रात्री अण्णांची पानं बघायला बसलो. सगळ्यात आधी २६ सप्टेंबर २०१९ चं, ज्या आकड्यासाठी हा सगळा खटाटोप केला. पान सापडलं. फोटो स्वच्छ आलाय. आकड्याच्या जागी रेघ मारलेली आहे. पुढं अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, की डबा रात्री वाहून गेला, पाऊस मापता आला नाही. आणि खाली, की पाणी खालच्या बांधावरून दीड हात गेलं, उंबराच्या खोडाला गवत अडकलंय तिथवर.

थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मग सकाळी टेप घेऊन उंबराकडं गेलो. गवत अर्थातच नाही, पण पंचनाम्याच्या फोटोंत उंबर आलाय, आणि त्या फोटोत खोडावर गवताचा पट्टा स्पष्ट दिसतो. फांदीचा खुंट धरून तेवढी उंची मापली, बांधापासून लेव्हलच्या नळीनं आणली. अण्णांचा दीड हात आणि माझी टेप यांत चार बोटांचा फरक आला. सांडवा त्या मापानं धरलाय, आधीच्यापेक्षा जवळपास दुप्पट रुंद, आणि खाली दगडी पिचिंग. गवंडी म्हणाला एवढा कशाला. मी त्याला उंबर दाखवला.

वहीची सगळी पानं आता तीन ठिकाणी आहेत. लॅपटॉपवर, भाच्याकडच्या डिस्कवर, आणि रोज रात्री दोन पानं मी नव्या वहीत हातानं उतरवतोय. तरवा टाकल्याच्या तारखा वेगळ्या काढतोय, त्या पुढच्या वेळी इथं टाकीन. भाताच्या अभ्यासकांना त्यातून काही सापडलं तर सांगा.

एक विचारायचं राहिलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पाऊस शिवगंगा खोऱ्यात कोणी स्वतःच्या डब्यात मापला असेल, कोंढणपूर, शिवापूर, शिवरे, वरवे, कुठंही, तर आकडा आणि डब्याची जागा कळवा. बादलीत साठलेलं मापलं असेल तरी चालेल, बादलीच्या तोंडाचं माप तेवढं सोबत द्या.